साडेबारा हजार किलोमीटर, व्हाया खंडाळा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे, यात वाद नाही. मोठं प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, यातही वाद नाही. भागाकार केला की चौदा तास येतात. चौथीतल्या पोरालाही जमेल असं हे गणित आहे, आणि त्या पोराखेरीज कुणीही त्यावर विश्वास ठेवू नये. कारण गणितातल्या विमानाला वारा लागत नाही, त्याच्या वाटेत भांडणारे देश येत नाहीत, आणि गणितातला प्रवासी धावपट्टीला लागूनच राहत असतो. खरा प्रवासी कोथरूडला राहतो.

आमच्या समोरच्या दारातले काका असेच कोथरूडकर. पाटबंधारे खात्यात हयातभर कालवे मोजल्यामुळे अंतराच्या बाबतीत त्यांना ‘सुमारे’ हा शब्द सहन होत नाही. डेक्कन इथून चारेक किलोमीटर असेल, असं कुणी बेसावधपणे म्हणालं की, “कुठून? पुलाच्या अलीकडून की पलीकडून?” असं विचारून ते त्याचा जिना अडवतात. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. मे २०२५ च्या अखेरीस काका-काकू त्याच्याकडे निघाले आणि पहिला खटका उडाला तो तिकिटाच्या वारावरून. विमान शनिवारी पहाटे एक चाळीसचं. म्हणजे घर सोडायचं शुक्रवारी. काकूंनी पंचांग काढलं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. अमेरिका पश्चिमेला. विषय संपला.

“मुळात अमेरिका पश्चिमेला आहे, हे तुला कुणी सांगितलं?” काका म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला. काकांनी माळ्यावरून मुलाच्या शाळेच्या वेळचा पृथ्वीचा गोल काढला, काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, त्याचं एक टोक मुंबईवर माझ्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर स्वतःच्या अंगठ्याखाली धरलं आणि दोरा ताणला. भिंतीवरचे नकाशे बघून वाढलेल्या माझ्यासारख्याला वाटलं होतं की दोरा अरबस्तान, सहारा, अटलांटिक असा शहाण्यासारखा आडवा जाईल. तो गेला वर. अफगाणिस्तानावरून रशियात, तिथून स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथ्नियाच्या आखातावर. मुंबई-न्यूयॉर्कचा बरोबर मध्य इथे येतो, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पुढे आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला ओझरता स्पर्श, कॅनडा आणि मग खाली न्यूयॉर्क. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. होकायंत्राची एकच दिशा धरून सहाराच्या बाजूने निघालात तर १४,२०० किलोमीटरच्या घरात जाता. म्हणजे साधारण सतराशे किलोमीटर फुकट. मुंबई-दिल्ली विमानाने गेलात तरी साडेअकराशेच होतात.

“आता बघ,” काका म्हणाले, “मुंबईहून निघताना दोऱ्याचं तोंड कुठे आहे? उत्तरेला, जरासं पश्चिमेकडे कललेलं. उत्तरेचं दिशाशूल मंगळवारी आणि बुधवारी. शुक्रवार मोकळा.”

पंचांगाला भूमितीने असं उत्तर दिलेलं मी प्रथमच पाहत होतो. काकूंनी दोऱ्याकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “आणि पुण्याहून मुंबई कुठल्या दिशेला?”

शेवटी प्रस्थान ठेवायचं ठरलं. नव्या पिढीला हे माहीत नसेल. निघायचा दिवस चांगला नसेल तर आदल्या चांगल्या दिवशी सामानातली एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची. प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. त्याप्रमाणे गुरुवारी सकाळी हळदकुंकू लावलेली एक बॅग आमच्या हॉलमध्ये आली. अमेरिकेच्या प्रवासाचा पहिला टप्पा हा असा पार पडला. अंतर बारा फूट, वेळ सव्वीस तास. त्या बॅगेत मेतकूट होतं, आणि ते सव्वीस तास आमच्या घरात कुणाचंही दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही.

सामानाचं काय सांगावं! माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. विमान कंपनीच्या दृष्टीने ही सवलत असते, मराठी कुटुंबाच्या दृष्टीने ते आव्हान असतं. काकांकडे बॅग उचलून तोलायचा काटा नव्हता, म्हणून ते न्हाणीघरातल्या वजनाच्या यंत्रावर स्वतः बॅग कवटाळून उभे राहत. काकू वाकून आकडा वाचत आणि त्यातून काका वजा करत. अडचण अशी की काकांचं वजन किती धरायचं यावर एकमत नव्हतं. काका चौसष्ट म्हणत, काकू सहासष्ट. दर बॅगेमागे हे दोन किलो वादात राहत आणि त्या दोन किलोंत एक अख्खा पापडांचा डबा बसतो. अखेर एक बॅग खरोखरच दीड किलो जास्त भरली. काय काढायचं? चकलीची भाजणी, गोडा मसाला, सांडगे, कुरडया आणि काकांचा स्वेटर इतके उमेदवार होते. स्वेटर गेला. “तिथे मिळतात,” काकू म्हणाल्या. कुरडया तिथे मिळत नाहीत हे उघडच होतं.

हापूस मात्र नेता येत नाही. अमेरिकेत भारतीय आंबा २००७ पासून जातो, पण तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरणाचे संस्कार होऊन, रीतसर कागद घेऊन जातो. आपल्या हातातल्या पिशवीतून जाऊ म्हणाला तर त्याला विमानतळावरच काढून घेतात. फळाला एवढे सोपस्कार करावे लागतात हे ऐकल्यावर काकूंना आपल्या व्हिसाच्या मुलाखतीचं काही वाटेनासं झालं.

आता रस्ता. कोथरूड ते सहार विमानतळ साधारण दीडशे किलोमीटर, सरळ गेलात तर तीन तास. पण विमानाच्या तीन तास आधी पोचायचं, घाटात कंटेनर उलटला तर त्याचे दोन तास, पनवेलनंतर काय होईल सांगता येत नाही त्याचा एक, आणि मुलाने फोनवरून ‘उगाच रिस्क नको’ म्हटलं त्याचा आणखी एक. असं करत गाडी शुक्रवारी दुपारी तीनला निघाली. मी सोडायला बरोबर होतो. एक्सप्रेसवेवर लागताच काका खुलले. हा रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, २००२ साली पूर्ण झाला, हे त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरने “हो का,” म्हटलं आणि फूड मॉलला गाडी वळवली. मराठी माणूस अमेरिकेला चालला असला तरी खालापूरच्या अलीकडे-पलीकडे कुठे तरी वडापाव खाल्ल्याशिवाय पुढे जात नाही. लोणावळ्याला चिक्कीही झाली. घरी मोठ्या कष्टाने वाचवलेला अर्धा किलो तिथे परत आला.

घाटात नेमकं काहीच उलटलं नव्हतं. ज्या दिवशी आपण वेळ राखून निघतो त्या दिवशी घाट रिकामा असतो. साडेसहाला आम्ही विमानतळावर होतो आणि विमान होतं एक चाळीसला. काकांनी नोंदवही काढून हिशेब केला. घर सोडल्यापासून विमान सुटेपर्यंत दहा तास चाळीस मिनिटं, अंतर १५० किलोमीटर, वेग ताशी चौदा. “सायकलवर आलो असतो तरी हेच,” ते म्हणाले. चार बॅगांकडे बघून मी काही बोललो नाही.

इथून पुढचं सगळं काकांच्या नोंदवहीतून आणि काकूंच्या फोनवरून कळलेलं. दोन्ही जुळत नाहीत तिथे मी काकूंचं धरलं आहे.

मुलाने दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काका रोज सकाळी पर्वती चढतात, काकूंच्या पायाला भिंगरी आहे. पण इंग्रजीतून रस्ता विचारत फिरण्यापेक्षा खुर्चीत बसलं की माणूस आपोआप योग्य दारात पोचतो, हा शोध भारतातल्या तमाम आईवडिलांना लागलेला आहे. त्यामुळे अमेरिकेच्या विमानाला खुर्च्यांची रांग चालणाऱ्यांच्या रांगेपेक्षा लांब होती. काकांना आपल्या पुढच्या खुर्चीत प्रभात रोडचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले, जे आदल्या रविवारी सिंहगडावर दिसले होते. दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली नाही.

विमान सुटलं. समोरच्या पडद्यावर नकाशा आला, त्यावर चिमुकलं विमान आलं आणि काकांनी चष्मा पुसला. दोरा कुठून जातो हे त्यांना पाठ होतं. विमान उत्तरेला वळायची ते वाट बघत राहिले. ते वळलं पश्चिमेला. सरळ अरबी समुद्रावर, ओमानच्या रोखाने. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली होती, आणि पृथ्वीच्या गोलावर हे लिहिलेलं नसतं. काकूंनी पडद्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं. “पश्चिम,” एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांवर पट्टी ओढून झोपल्या. प्रस्थान ठेवलं होतं म्हणून, नाही तर काय झालं असतं!

मुंबईकरांना या बंदीचा जाच त्या मानाने कमी. समुद्र हाताशी आहे. खरी पंचाईत दिल्लीकरांची. तिथून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून जाताना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. पुण्याहून निघालेल्या माणसाला खोपोलीला सीएनजीसाठी रांगेत उभं राहायची सवय असते. पण व्हिएन्नाला उभं राहायचं म्हणजे जरा जास्तच. आणि ही भांडणं काही एकाच कुंपणावरची नाहीत. २०२२ पासून अमेरिकी विमानांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय विमानांना जाता येतं. म्हणजे तीच दोन शहरं, तेच आकाश, पण शेपटीवर झेंडा कुणाचा यावर अंतर ठरतं. कालवे मोजणाऱ्या माणसाला हे फार लागतं. कालव्याची लांबी ठेकेदार बदलला म्हणून बदलत नाही. निदान कागदावर तरी.

त्यात वारा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक झोत सतत वाहत असतो. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेला जाताना तो नाकावर, येताना पाठीत. त्यामुळे जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना तास-दीड तास वाचतात. आईवडिलांना परत यायची घाई असते असं मुलांना वाटतं त्याचं एक कारण हे असावं. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक जंबो चार तास छपन्न मिनिटांत लंडनला पोचलं, एरवी सहा-सात तास लागतात. याहून बहार २०१६ सालची. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिककडून न्यायचं सोडून उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता हजार-चौदाशे किलोमीटरने वाढला, १५,३०० किलोमीटर झाला, आणि वेळ दोनेक तासांनी कमी झाला. लांबून जा म्हणजे लवकर पोचशील, हे लक्ष्मी रोड टाळून जाणाऱ्या कुठल्याही रिक्षावाल्याने त्यांना आधीच सांगितलं असतं. ते मीटर पाडून सांगतात, एवढाच फरक.

काका रात्रभर पडद्याला चिकटून होते. बाहेर उणे पंचावन्न, उंची अमुक, वेग तमुक. बाकीचे प्रवासी सिनेमे बघत होते, काका विमान बघत होते, आणि विमान हलत नव्हतं. ही या नकाशाची खोडच आहे. त्यावरचं विमान बेल्जियमपेक्षा मोठं असतं, त्यामुळे ते दोन तास बेल्जियमवरच असल्यासारखं दिसतं. अटलांटिकवर तर नुसता निळा पडदा. काही विमानांच्या नकाशावर समुद्रात बुडालेल्या जहाजांच्या जागा दाखवतात, त्यात टायटॅनिकही. हे प्रवाशांच्या मनोरंजनासाठी कुणाला सुचलं असेल, त्याला एकदा भेटलं पाहिजे.

शनिवार असल्याने काकूंचा उपास होता. काकांसाठी मुलाने आवर्जून ‘हिंदू मील’ नोंदवलं होतं. कागदाचं झाकण काढल्यावर आत कोंबडीचा रस्सा निघाला. विमान कंपन्यांच्या यादीत हिंदू जेवण म्हणजे बहुतेक वेळा गोमांस नसलेला मांसाहार, आणि शाकाहारी माणसाने ‘एशियन व्हेजिटेरियन’ नाही तर ‘जैन’ मागायचं असतं. काकांनी झाकण परत लावलं आणि काकूंच्या डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीत वाटा मागितला. काकूंनी दिला, पण आता तुमचाही उपास धरला असं समजा, ही अट घालून.

ही अट किती महाग होती ते काकांना न्यूअर्कला उतरल्यावर कळलं. उपास संध्याकाळी सोडायचा. पण संध्याकाळ कुठली? विमान एक चाळीसला सुटून साडेसोळा तास उडालं आणि उतरलं सकाळी आठ चाळीसला. तारीख तीच, वार तोच. मनगटी घड्याळाने पाहिलं तर सात तासांत अमेरिका. पुण्यात शनिवारची दिवेलागण झाली तेव्हा काकू इमिग्रेशनच्या रांगेत होत्या आणि तिथे सकाळचे साडेनऊ वाजले होते. मे महिन्यात न्यू जर्सीतला सूर्य रात्री आठ वाजून गेल्यावर मावळतो. काकूंनी निघण्याआधीच गुरुजींना विचारून ठेवलं होतं. गुरुजी म्हणाले होते, जिथे असाल तिथला सूर्य. तीस तासांचा शनिवार. मारुतीलाही एवढी अपेक्षा नसावी.

आपल्या घड्याळातला तो अर्धा तास मात्र गैरसोयीचा आहे. उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. मुलं मनात दहा वजा करतात आणि आपल्याला पहाटे साडेपाचऐवजी पाचला उठवतात. तरी बरं, देशाने १९०६ साली एक वेळ स्वीकारल्यावरही मुंबईने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे असायची. आज ती असती तर दर फोनच्या आधी कागद-पेन्सिल घ्यावी लागली असती.

न्यूअर्कहून गाडी निघाल्यावर काकांनी मुलाला रोझेल कुठे आहे विचारलं. ते विमानतळापासून फार दूर नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेत प्रथम उतरल्या त्या तिथल्या कार्पेंटरबाईंकडे. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागल्या. आठ आठवडे, शाकाहार सांभाळून, अठरा वर्षांची मुलगी, घरचं कुणी बरोबर नाही. “आणि हिंदू मीलही नाही,” काकू म्हणाल्या. काकांना तिथे उतरून गाव बघायचं होतं. मुलगा म्हणाला, “बाबा, एक्झिट मागे गेला.” पुढच्या एक्झिटवरून परत फिरता येईल का, असं काकांनी विचारलं. मुलाने फोनमध्ये पाहून सांगितलं की बावीस मिनिटं वाढतील. साडेसोळा तास उडून आलेल्या माणसांपुढे तो ही बावीस मिनिटं अशा आवाजात म्हणाला की काका गप्प बसले.

पुढचे काही दिवस झोपेने घेतले. शरीर पुण्याच्या वेळेवर, घर एडिसनच्या. पहाटे तीनला दोघं टक्क जागे. तिसऱ्या पहाटे काकूंनी पोह्यांना फोडणी दिली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलू लागलं. नातवंडं, सून, मुलगा सगळे अंगणात. “उठलाच आहात तर खाऊन घ्या,” काकू म्हणाल्या, आणि सगळ्यांनी खाल्ले.

मंगळवारी कोथिंबीर संपली. खिडकीतून काकांना इंडियन ग्रोसरीची पाटी दिसत होती. अर्धा मैल, म्हणजे ८०५ मीटर, त्यांनी लगेच सांगितलं. पिशवी घेऊन ते दाराबाहेर गेले आणि परत आले. मध्ये सहा पदरी रस्ता होता, फुटपाथ नव्हता आणि गाड्या थांबत नव्हत्या. काकूंनी मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “शनिवारी जाऊ ना आई, गाडीने.” त्या संध्याकाळी काकूंचा मला फोन आला. आमच्या कुंडीतली कोथिंबीर कशी आहे, असं त्या विचारत होत्या, आणि जूनमध्ये कुणी इकडून यायचं आहे का.